हरणांसाठी पेरायचं तर काय पेरायचं?



मार्च उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आवाहनं सुरू होतात. गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवा, गेटबाहेर गाईसाठी कुंडी ठेवा. त्यात अलीकडे एका नव्या आवाहनाची भर पडली आहे, ती म्हणजे रानातल्या हरणांसाठी चारा. कोणी म्हणतं, सहलीला जाताना प्रत्येक मुलानं घरून एक गाजर नाहीतर मक्याचं कणीस आणावं आणि माळावर ठेवून यावं. कोणी त्याच्याही पुढे जाऊन सुचवतं, की पहिल्या पावसाआधी मका, चवळी, बाजरीच्या बियांचे मातीत गोळे करू आणि सुप्याच्या बाजूला टाकून येऊ, म्हणजे हरणांना हक्काचं शेत तयार होईल. हेतू चांगला आहे. मुलं हात बरबटवून आनंदानं गोळे करतात, फोटोही छान येतात. तरीही माझं मत असं आहे की आपल्या शाळांनी हे करू नये. हरणांसाठी पेरण्यासारखं काही आहे, पण ते मका-चवळी नाही, आणि पुण्याच्या आसपास तर पेरण्यापेक्षा न खणण्यानंच हरणाचं जास्त भलं होणार आहे.

आधी हरीण कोणतं ते ठरवू. आपण वर्गात सगळ्यांनाच हरीण म्हणतो. परिसर अभ्यासाच्या तासाला चित्र दाखवलं की मुलं ठिपक्यांच्या चितळालाही हरीण म्हणतात आणि पिळाच्या शिंगांच्या काळविटालाही. बोलीत ते चालतं. पण चितळ, सांबर, भेकर ही एका कुळातली; त्यांच्या नरांची शिंगं गळून पडतात आणि पुन्हा येतात. काळवीट आणि चिंकारा दुसऱ्या कुळातले, शेळी-मेंढीच्या जवळचे. त्यांची शिंगं जन्मभर डोक्यावर असतात. हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही, कारण त्यांची राहण्याची जागाही वेगळी असते. चितळाला जंगल आणि जंगलातली मोकळी जागा दोन्ही लागतं. चिंकारा आणि काळवीट मात्र उघड्या माळाचे प्राणी. दूरवर दिसलं पाहिजे आणि धोका दिसला की सुसाट पळता आलं पाहिजे, एवढ्यावर त्यांचं आयुष्य उभं आहे.

पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. क्षेत्र फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा राहतो. पूर्ण वाढलेल्या चिंकाराचं वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलाएवढंच! तिकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नवख्या माणसाला एप्रिलमध्ये तो माळ बघून वाटतं की इथे खायला काही नाही, बिचारे प्राणी उपाशी मरत असतील. सगळ्या आवाहनांची सुरुवात या 'बिचारे'पासून होते. प्रत्यक्षात चिंकारा त्याच माळासाठी घडलेला आहे. तो गवत खातो, बोरीचा पाला खातो, पडलेली बोरं खातो, हिवर-बाभळीच्या शेंगा खातो. पाल्यातून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बरेच दिवस पाणी न पिता काढू शकतो. वाळलेलं गवत आपल्याला मेलेलं दिसतं. पण ते वरून वाळलेलं असतं, खाली मूळ जिवंत असतं आणि पावसाची पहिली सर पडली की चार-आठ दिवसांत माळ हिरवा होतो.

आता मक्याकडे येऊ. चौथीच्या मुलांना आपण रवंथ शिकवतो. गाय, म्हैस, शेळी भराभरा खातात, मग बसून चघळतात. हरीणही रवंथ करणारंच. त्याच्या पोटाचे चार कप्पे, आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव. खरं पचन ते सूक्ष्मजीव करतात. हरीण जे रोज खातं त्याला सरावलेले सूक्ष्मजीव तिथे वाढलेले असतात. गवत-पाल्याला सरावलेल्या पोटात अचानक ढीगभर मका, भात किंवा पाव गेला, की तो फार वेगानं आंबतो, पोटात आम्ल वाढतं, जनावर सुस्त पडतं आणि कधी कधी दगावतं. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्या पालकांना हे सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात म्हशीनं खाल्ला की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. म्हशीसाठी डॉक्टर येतो, माळावरच्या चिंकारासाठी कोण येणार?

प्राणिसंग्रहालयातसुद्धा म्हणूनच आपल्याला खाऊ टाकू देत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यातच तशी मनाई आहे. कात्रजला सहल नेली की मुलं विचारतात, "टीचर, एकच चिप्स टाकू?" आणि आपण ओरडतो. तेच आपण उघड्या माळावर गाजरं घेऊन गेलो तर मुलांनी नेमकं काय समजायचं?

दुसरी अडचण गर्दीची. खाणं एका जागी ठेवलं की प्राणी एका जागी जमतात. माळावर विखरून चरणारे आठ-दहा चिंकारा एका पट्ट्यात आले, की त्या पट्ट्याभोवती गावातली मोकाट कुत्रीही घुटमळू लागतात. चिंकाराला आज कुत्र्यांचा मोठा धोका आहे. शिवाय जनावरं दाटीवाटीनं एका ठिकाणी आली, की रोगाला वाट सोपी होते. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळं दगावली, लाळ्या-खुरकूत रोगाचं निदान झालं. ती बंदिस्त जागेतली घटना आहे, खाण्यामुळे झाली असं मी अजिबात म्हणत नाही. पण खुरांच्या प्राण्यांत साथ किती झपाट्यानं पसरते हे पुणेकरांनी जवळून पाहिलं.

हरणांसाठी शेत पेरण्याची ही कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेत ती फार जुनी आणि लोकप्रिय आहे. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी जंगलाच्या कडेला क्लोव्हर, सोयाबीन, सलगम, ओट असे छोटे तुकडे पेरतात. त्याला फूड प्लॉट म्हणतात, बियाण्यांची तयार पाकिटं दुकानात मिळतात. पण हे करणाऱ्यांत मोठा वाटा शिकाऱ्यांचा असतो. हरीण धष्टपुष्ट व्हावं, शिंगं मोठी यावीत आणि हंगामात ते समोर यावं म्हणून ही शेती. तिथल्या कायद्यात बसणारी शिकार आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा हरणाला समोर आणण्याचं आपल्याला कारणच काय? फोटो? आणि तिकडेही सगळं आलबेल नाही. हरणांमध्ये मेंदू झिजवणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा जीवघेणा रोग पसरायला लागल्यावर अनेक राज्यांनी खाण्याचे ढीग घालून हरणं जमवण्यावर निर्बंध आणले.

मग हरणांसाठी कधीच काही पेरू नये का? तर तसंही नाही. आपल्याकडे त्यासाठी फार जुना शब्द आहे, कुरण. राखलेलं गवत. जुन्या काळी घोड्यांसाठी, गुरांसाठी कुरणं राखली जायची. कुरण नावाची गावं आजही आहेत. जंगलातल्या हरणांसाठी कुरण तयार करण्याचं काम आज वनविभाग करतो आणि ते शिकण्यासारखं आहे.

मेळघाटात बोरी, कोहा, कुंड या गावांचं पुनर्वसन झालं. ताडोबात नवेगाव, जामणी ही गावं बाहेर आली. मागे राहिली ती रिकामी शेतं. रिकामं शेत आपोआप कुरण होत नाही बरं का! पहिल्यांदा तिथे तरोटा, रानतुळस, गाजरगवत माजतं, जे हरणं खात नाहीत. ते पावसाळ्यात फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं लागतं, आणि तेही एकदा नाही, वर्षामागून वर्ष. मग आजूबाजूच्या जंगलातून त्याच भागातल्या गवताचं बी गोळा करायचं आणि ते पेरायचं. कोणत्या जमिनीत कोणतं गवत टिकेल, कोणतं हरणाला गोड लागतं, हे शास्त्र आहे. अमरावती भागातले प्रा. गजानन मुरतकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यात आयुष्य घातलं आहे. आज तिथे चितळांचे कळप चरताना दिसतात.

मध्य प्रदेशातल्या कान्हाची गोष्ट तर मुलांना सांगावीच. बारशिंग्याची तिथली जात जवळजवळ फक्त गवतावर जगते. १९७० मध्ये कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. त्यांना कोणी बादलीतून खाणं घातलं नाही. जंगलातली गावं हलवली, गवत जाळण्यावर आणि गुरं चारण्यावर आळा घातला, काही जागा कुंपण घालून राखली. गवत परत आलं, त्यामागून बारशिंगे परत आले, आणि आता ते शेकड्यांत आहेत.

इथे एक गंमत नोंदवतो. अमेरिकेत हरणाची शेती शिकाऱ्यासाठी, आणि आपल्या व्याघ्र प्रकल्पांत कुरण राखायचं मोठं कारण म्हणजे वाघाला भक्ष्य पुरावं. निव्वळ हरणाची दया येऊन पेरणारे आपण शाळावालेच असू! दयेबद्दल माझी तक्रार नाही, फक्त तिला अभ्यासाची जोड हवी. वनविभागाच्या कुरणात मका नसतो, तिथलंच गवत असतं. आणि ते परवानगीनं, आखणीनं, वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेलं असतं. अभयारण्यात आपण आपल्या मनानं बी टाकणं कायद्यातही बसत नाही.

आता या सगळ्यात ज्याचा विचार आवाहनात कधीच नसतो त्याच्याबद्दल. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजी-आजोबा इंदापूर तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "सर, आमच्या हरभऱ्यात येतातच की ती, अजून बोलवायची कशाला?" सगळे हसले, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हरणाला माळावरच्या मक्यात आणि बांधाआतल्या मक्यात फरक कसा कळणार? एकदा कोवळ्या पिकाची चव लागली की ते पीक शोधणार. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८० सालचं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. तिथले काळवीट काय त्या हद्दीत थांबतात? शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळू शकते, पण अर्ज, पंचनामा आणि फेऱ्या कोणाला चुकल्यात? रात्रभर शेतात जागणाऱ्या माणसाच्या मनात हरणाबद्दल राग साठला तर तो हरणाला परवडणारा नाही. माळावरचं हरीण आजवर टिकलं आहे ते बऱ्याच अंशी गावकऱ्यांनी थोडं नुकसान सोसलं म्हणून. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या लोकांनी तर चिंकारा आणि त्याचा माळ आपुलकीनं जपला. आता कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथे वनविभागाची गवताळ प्रदेश सफारी सुरू आहे, गावातलीच पोरं वाटाड्या म्हणून सोबत येतात. सहलीचे पैसे तिथे खर्च झाले तर माझी काहीच हरकत नाही.

आणि माळ जपायचा म्हटलं की आपल्या लाडक्या उपक्रमाला हात लावावा लागतो. वृक्षारोपण! शिक्षक मित्रांनो, रागावू नका. मी स्वतः दरवर्षी रोपं लावून घेतो, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, जिथे सावली हवी तिथे. पण गेल्या काही वर्षांत राज्यात आकडे कसे चढले आठवा: २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? ज्या जमिनीवर झाड दिसत नाही ती 'पडीक' समजली जाते. सरकारी नकाशांतही झुडपी माळरानं पडीक जमिनीच्या यादीत दिसतात. मग माळावर यंत्रानं चर खणायचे आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावायची. पुण्याच्या टेकड्यांवरही तेच झालं. चढताना दोन्ही बाजूंना जी गुलाबी फुलांची गर्द झाडं दिसतात ती गिरिपुष्पच. गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, नावातच सगळं आलं. चर खणला की शेकडो वर्षांची गवताची मुळं उलथी होतात. झाडं वाढली की खाली गवत कमी होतं आणि चिंकाराला लांबवर दिसत नाही. माळावर अंडी घालणारे पक्षी, लांडगा, धनगरांच्या मेंढ्या, सगळ्यांचीच जागा जाते. म्हणजे जुलैत आपण हरणाचं ताट उचलायचं आणि एप्रिलमध्ये त्याला गाजर नेऊन द्यायचं!

मुलांच्या निबंधात याचा पुरावा रोज सापडतो. 'माळरान' या शब्दाला त्यांची विशेषणं ठरलेली: ओसाड, उजाड, भकास. डी.एड.ला असताना आमच्या पाठ-टाचणातही 'ओसाड माळरानाचे नंदनवन' हा हमखास यशस्वी विषय असायचा. भाषेतून आपणच हे पेरतो. मी आता फळ्यावर 'माळरान' लिहून त्याच्याभोवती पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, मोशी, हरळी ही नावं लिहितो. मुलांना हरळीखेरीज एकही माहीत नसतं, आणि तीही गणपतीच्या दूर्वांमुळे. पण मेंढपाळ कुटुंबातून आलेला एखादा मुलगा असतो, जो एरवी मागच्या बाकावर गप्प असतो. तो तीन-चार नावं सांगतो, वर त्यातलं मेंढरू काय खात नाही तेही सांगतो. त्या तासापुरता तो वर्गाचा गुरुजी होतो.

शाळेत करायचंच तर एक सोपा उपक्रम सुचवतो. आवाराच्या एका कोपऱ्यात, खेळण्याच्या जागेपासून दूर, दोरी लावून एक चौरस मीटर जमीन आखा. जूनपासून डिसेंबरपर्यंत तिथे कोणी कापायचं नाही, उपटायचं नाही. दर शनिवारी चार मुलांनी उंची मोजायची, किती प्रकारची पाती दिसतात ते मोजायचं, किडा-मुंगी लिहायची. खर्च शून्य. मुख्याध्यापक दोन हरकती घेतील. पहिली सापाची, ती रास्त आहे, म्हणून तुकडा लहान, कडेला आणि नजरेसमोरचा ठेवायचा. दुसरी अशी की तपासणीला साहेब आले तर म्हणतील, गवत माजलंय, शाळा अस्वच्छ. त्यावर पुठ्ठ्याची पाटी लावा: 'आमचे कुरण, इयत्ता चौथी'. पाटी असली की आपल्याकडे पुष्कळ गोष्टी खपतात. त्यातल्या एका कोपऱ्यातलं गवत मुलांनी दर पंधरा दिवसांनी कात्रीनं कापावं, म्हणजे 'हरणानं खाल्लं' असं समजून. आणि बाजूच्या एखाद्या रोपाचा शेंडाही तसाच खुडावा. गवत बुडातून वाढतं, म्हणून ते पुन्हा वर येतं. रोपाची वरची वाढ खुंटते. चरणारा प्राणी आणि गवत यांचं इतकं कसं जमतं, ते मुलांना माझ्या व्याख्यानापेक्षा त्या दोन खुणांवरून लवकर कळतं.

कुसळी गवत मिळालं तर फारच छान. नोव्हेंबरच्या सुमारास टेकडीवर फिरून आलात की पायजम्याला आणि मोज्यांना टोचणारी जी कुसळं चिकटतात, ती फेकू नका, डबीत ठेवा. वर्गात एक कुसळ बशीत ठेवायचं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. पिळलेली शेपटी उलगडायला लागते आणि कुसळ स्वतःभोवती गरागरा फिरतं. पाऊस पडला की ते असंच फिरत फिरत टोक मातीत घुसवतं, म्हणजे आपली पेरणी आपणच करतं. माझ्या वर्गातली पोरं हा प्रयोग बघून बाकांवर चढली होती. बी ओली-कोरडी करून चार-पाच वेळा तरी पुन्हा फिरवून घेतली, तेव्हा कुठे मधल्या सुट्टीला गेली.